गाणी प्लेअरमध्ये जात नाहीयेत? रिस्टोअर दाबायच्या आधी हे वाचा

चतुर्थी जवळ आली की आमच्याकडे कोकणात दोन प्रकारची माणसं गाण्यांचे प्लेअर घेऊन येतात. एक भजनी मंडळातले, त्यांना डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याची, जुनी रेकॉर्डिंग सरावासाठी टाकून हवी असतात. दुसरे मुंबईहून आलेले चाकरमानी, ज्यांच्या बॅगेत अजून तो जुना आयपॉड नाहीतर सॅन्साचा क्लिप, म्हणजे छोटा एमपी थ्री प्लेअर, असतो. तक्रार दोघांची एकच, "चार्जिंग होता, पण गाणी काय जात नाय." फोन असताना हे कशाला वापरता असं विचारणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो, बुवा गजर बसवत असताना मध्येच कोणाचा कॉल आलेला चालत नाही, आणि बटणांचा प्लेअर हातात न बघता मागे-पुढे करता येतो. असो.

पहिली गोष्ट, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. रिस्टोअर, फॉरमॅट, इरेज अँड सिंक, ही सगळी प्लेअर पुसून टाकणारी बटणं, यातलं काहीही आत्ता दाबायचं नाही. नेटवर जिथे बघावं तिथे "रिस्टोअर मारा" हाच सल्ला असतो आणि तो देणाऱ्याचं काय जातंय, रेकॉर्डिंग तुमचं जाणार. आपल्याकडे बऱ्याच वेळा होतं काय की कॅसेटवरून उतरवलेलं भजन किंवा कुठल्यातरी जत्रेतलं दशावताराचं, आपल्या रात्रभराच्या लोकनाट्याचं, रेकॉर्डिंग फक्त त्या प्लेअरमध्येच उरलेलं असतं, ज्या कॉम्प्युटरवरून टाकलं होतं तो कधीच भंगारात गेलेला असतो. आयट्यून्स, म्हणजे आयपॉडमध्ये गाणी टाकायचं ॲपलचं सॉफ्टवेअर, विचारतं की हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, पुसून नवीन सिंक करू का, तिथे सरळ कॅन्सल. विंडोज म्हणतं ड्राइव्ह वापरायचा तर आधी फॉरमॅट करा, तिथेही कॅन्सल. हा दुसरा मेसेज आला म्हणून आयपॉड बिघडला असंही समजू नका, मुंबईतल्या भाच्याने तो मॅकवर सेट केला असेल तर त्याची फॉरमॅट मॅकची असते, एचएफएस प्लस, ती विंडोजला वाचताच येत नाही. उलटं मात्र चालतं, विंडोजवर सेट केलेला आयपॉड मॅक वाचतो.

प्लेअर ड्राइव्ह म्हणून दिसतोय एवढं जरी असलं तरी आधी गाणी बाहेर काढून ठेवा. क्लिकव्हीलवाल्या, म्हणजे पुढे गोल चाक असलेल्या आयपॉडमध्ये, डिस्क म्हणून वापरायचा पर्याय चालू असेल तर, विंडोजमध्ये हिडन फाइल्स दाखवा म्हटलं की 'आयपॉड कंट्रोल' नावाचं फोल्डर दिसतं, त्यात म्युझिक, त्यात एफ शून्य शून्य, एफ शून्य एक अशी फोल्डरं, आणि आत चार-चार अक्षरांच्या अगम्य नावांच्या फाइल्स. बघून घाबरायला होतं पण गाणी तीच आहेत, नाव फाइलच्या आत टॅगमध्ये, म्हणजे गाण्याला चिकटवलेल्या माहितीत, असतं, अख्खं म्युझिक फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करून कुठल्याही प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की नावं परत येतात. सॅन्सा, वॉकमन वगैरेत तर एवढंही नाही, म्युझिक फोल्डर उघडा आणि उचला.

आता मूळ मुद्दा. सिंक होत नाही, म्हणजे कॉम्प्युटरवरची गाणी प्लेअरमध्ये जात नाहीत, हा एक प्रॉब्लेम नाहीये. प्लेअरला करंट मिळतो का, कॉम्प्युटरला प्लेअर दिसतो का, सॉफ्टवेअरला तो दिसतो का, आणि गाणी जाऊनसुद्धा प्लेअर दाखवत नाही का, हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि गाडी नेमकी कुठे अडलीय ते न बघता लोक डायरेक्ट सॉफ्टवेअर काढून परत टाकत बसतात. कोकणात तर निम्म्याहून जास्त वेळा गडबड सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधी, वायरीत नाहीतर पोर्टमध्येच सापडते, निदान माझ्याकडे येतात त्यांची तरी.

वायर. यूएसबी टू च्या केबलमध्ये आत चार तारा असतात, दोन करंटच्या आणि दोन डेटाच्या. टॉर्च, ट्रिमर, गळ्यात घालायचे ब्लूटूथ, छोटे पंखे यांच्याबरोबर जी वायर येते तिच्यात पुष्कळदा डेटाच्या तारा नसतातच, खर्च वाचवलेला असतो. अशा वायरीने प्लेअर मस्त चार्ज होणार आणि कॉम्प्युटर मात्र ढिम्म. तपासायची सोपी रीत म्हणजे त्याच वायरीने फोन कॉम्प्युटरला लावा, फोनने फाइल ट्रान्स्फर करायची का असं विचारलं तर वायर ठीक. प्लेअरचं तोंड वेगळं असेल, म्हणजे जुन्या क्लिपला मिनी यूएसबी लागते किंवा आयपॉडला ती रुंद तीस पिनांची, तर ही ट्रिक चालत नाही, मग कोणाकडून तरी दुसरी वायर मागून आणण्याशिवाय इलाज नाही. एकदा चांगली वायर सापडली की तिला रंगीत दोरा बांधून ठेवा, घरात नाहीतर सगळ्या काळ्या वायरी एका डब्यात पडतात आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता पोर्ट, आणि इथे जरा थांबतो, कारण पुण्या-नागपूरच्या माणसाने लिहिलेल्या माहितीत हे तुम्हाला मिळायचं नाही. आपल्याकडच्या हवेत मीठ असतं, मालवण, वेंगुर्ला, हर्णै, गुहागर कुठेही किनाऱ्याजवळ घर असेल तर खिडकीच्या गजांकडे बघा म्हणजे कळेल. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं, पावसाळ्यात स्वैपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं ते त्याचमुळे. जून ते सप्टेंबर आपण या 75 च्या वरच असतो. म्हणजे प्लेअरच्या पोर्टमध्ये जो डोळ्यांना न दिसणारा खारट थर बसलेला आहे तो पावसाळाभर ओला असतो, आणि त्यात तुम्ही चार्जिंगला लावलं की पाच व्होल्टचा करंट त्या ओल्या थरातून पिना खायला लागतो. म्हणून नुसत्या पडून राहिलेल्या प्लेअरपेक्षा रात्रभर चार्जिंगला लावून ठेवलेल्या प्लेअरचं पोर्ट लवकर जातं. टॉर्च मारून आत बघा, पिनांवर हिरवट किंवा पांढरट काहीतरी दिसेल, पाच व्होल्टवाली पिन काळवंडलेली असेल.

आणि मग चार्जिंग कसं होतं? कारण करंट अर्धवट कॉन्टॅक्टमधूनही रडतखडत का होईना जातो, पण डेटा सेकंदाला 480 मेगाबिटच्या वेगाने जायचा असतो, त्याला तसला कॉन्टॅक्ट चालत नाही. कधी डिंग वाजतं, लगेच डुंग वाजतं, परत डिंग, म्हणजे जोडलं-तुटलं-जोडलं. कधी विंडोज म्हणतं डिव्हाइस ओळखता येत नाही. मे महिन्यात चालणारा प्लेअर जुलैत रुसतो आणि दिवाळीनंतर आपोआप बरा होतो, हे ज्यांच्या बाबतीत दरवर्षी होतंय त्यांनी सॉफ्टवेअरच्या मागे लागूच नये.

साफ करायचं ते असं. प्लेअर पूर्ण बंद करा, वायर काढा. मोबाइल रिपेअरिंगवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, 99 टक्केवालं मिळालं तर उत्तम. टूथब्रश नको, केस जाड असतात, लहान मुलांचा रंगवायचा बारीक ब्रश बरा, त्याचे केस थोडे कापून आखूड करा. आधी कोरड्या ब्रशने नाहीतर लाकडी टूथपिकने खिशातला कापूस-धागा बाहेर काढा, हा एवढा घट्ट बसलेला असतो की वायर पूर्ण आत जातच नाही आणि लोकांना वाटतं पोर्ट गेलं. मग ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून, झटकून, हलक्या हाताने पिनांवरून फिरवा, वायरीचं टोकही असंच पुसा, आणि पंख्याखाली अर्धा तास तरी राहू द्या. सुई, टाचणी, सेफ्टीपिन आत घालायची नाही. हँड सॅनिटायझर चालेल का असं विचारतात, नाही चालणार, त्यात ग्लिसरीन असतं, ते चिकट राहतं आणि वर धूळ धरतं. तांदळात पुरून ठेवायचं तर विसराच, मीठ तांदळाने निघत नाही आणि वर कोंडा पोर्टमध्ये जातो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, रंग बदलणारी सिलिका मिळाली तर अजून बरं, रंग उतरला की गरम करून परत वापरता येते. आणि कॉम्प्युटर पडवीत असेल तर माजघरात हलवा की, त्याच्या पोर्टांनाही तीच हवा लागते.

पोर्ट स्वच्छ, वायर चांगली, तरीपण दिसत नाही, तर कॉम्प्युटरचं दुसरं पोर्ट बघा. डेस्कटॉप असेल तर मागचं, पुढची पोर्टं आतून वायरीने आणलेली असतात आणि ती जुन्या कॅबिनेटमध्ये भरवशाची नसतात. एकाच पोर्टवर चार गोष्टी लावणारा हब मध्ये असेल तर काढा, यूएसबी टू पोर्ट 500 मिलिॲम्पिअर देतं, त्यात माउस, कीबोर्ड, डोंगल आणि वर हार्डडिस्कवाला आयपॉड क्लासिक कसा भागणार. बॅटरी पार शून्यावर गेलेला प्लेअर सुरुवातीला फक्त चार्ज होतो, कॉम्प्युटरला दिसायला वेळ लावतो, अर्धा तास लावून ठेवा आणि चहा प्या. होल्डचं, म्हणजे बाकीची बटणं लॉक करणारं, बटण सरकलेलं नाही ना तेही बघा, हसू नका, होतं. आणि हो, बॅटरी फुगून स्क्रीन वर आली असेल किंवा मागचं झाकण उचललं गेलं असेल तर सिंक राहू दे, चार्जिंगलासुद्धा लावू नका. पहिल्या पिढीचा नॅनो असेल तर जास्तच जपा, बॅटरी तापते म्हणून 2011 मध्ये ॲपलने तो जगभरातून बदलून देण्याची योजना काढली होती.

प्लेअर हँग झालेला असतो तेव्हा क्लिकव्हीलवाल्या आयपॉडला मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा, ॲपलचा लोगो येईपर्यंत. लोगो आला की लगेच मधलं आणि प्ले-पॉज धरलं तर डिस्क मोडमध्ये, म्हणजे नुसता ड्राइव्ह म्हणून दिसायच्या मोडमध्ये, जातो, आणि पुष्कळदा जो नॉर्मल मोडमध्ये दिसत नाही तो इथे दिसतो. हीच वेळ गाणी बाहेर काढायची. सॅन्सा क्लिपला पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरलं की रिसेट होतो. या दोन्हीने गाणी जात नाहीत.

डिंग वाजलं पण कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्ह नाही, असं असेल तर आता कुठे विंडोजकडे वळायचं. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. तिथे प्लेअर दिसतोय पण त्याच्यापुढे ई, एफ असं अक्षर नाही, असं असलं तर विंडोजने त्याला अक्षर दिलेलं नाही किंवा ते कार्डरीडरने बळकावलंय, राइट क्लिक करून चेंज ड्राइव्ह लेटरमध्ये जाऊन लांबचं काहीतरी द्या, पी नाहीतर आर, म्हणजे परत भांडण नको. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह असेल तर त्यावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल डिव्हाइस, मग प्लेअर काढून परत लावा, ड्रायव्हर नव्याने बसतो.

सॅन्सावाल्यांसाठी खास. सेटिंगमध्ये यूएसबी मोड असतो, एमएससी आणि एमटीपी. एमएससी म्हणजे पेनड्राइव्हसारखा दिसणार, एमटीपी म्हणजे विंडोज त्याच्याशी मीडिया डिव्हाइस म्हणून बोलणार. मॅक एमटीपी स्वतःहून बोलत नाही, विंडोजच्या एन व्हर्जनलाही मीडिया फीचर पॅक टाकल्याशिवाय जमत नाही. जुन्या क्लिपमध्ये अजून एक गंमत, एका मोडमध्ये टाकलेली गाणी दुसऱ्या मोडमध्ये कॉम्प्युटरला दिसत नाहीत, प्लेअर मात्र दोन्ही वाजवतो. म्हणजे "गाणी तर वाजतायत पण फोल्डर रिकामं, आणि जागा फुल" अशी जी भुताटकी सांगतात ती हीच. मोड बदलून बघा. मी तर सगळ्यांना एमएससीवरच ठेवायला सांगतो, फोल्डर कॉपी-पेस्ट, विषय संपला.

आयपॉडचं तसं नाही, त्यात नुसती फाइल ड्रॅग करून टाकली तर जागा खाते पण वाजत नाही, कारण तो स्वतःच्या डेटाबेसमधलंच वाजवतो. त्याला विंडोजवर आयट्यून्ससारखं सॉफ्टवेअर लागतंच. मॅकवर 2019 च्या कॅटॅलिनापासून आयट्यून्स गेलं, आयपॉड लावला की फाइंडरच्या डाव्या बाजूला दिसतो, लोक म्युझिक ॲपमध्ये सेटिंग शोधत बसतात. 'मॅन्युअली मॅनेज म्युझिक' टिक करून ठेवा म्हणजे लावल्या-लावल्या आपोआप पुसापुशी होणार नाही. आणि ॲपल म्युझिकच्या वर्गणीतून डाउनलोड केलेली गाणी क्लासिक, नॅनो, शफलमध्ये जात नाहीत, त्यांचं कुलूपच तसं आहे, त्यात तुमच्या केबलचा काही दोष नाही.

आता शेवटचा प्रकार, कॉपी झालं पण वाजत नाही. इथे बहुतेक वेळा फाइलचा प्रकार आडवा येतो. बुवांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली चाल ही ओपस फाइल असते, जुने प्लेअर ती वाजवत नाहीत, आयपॉडही नाही. व्हीएलसीमध्ये कन्व्हर्टचा पर्याय आहे, एमपी थ्री करून घ्या. मराठीत नाव दिलेली गाणी चौकोन चौकोन दिसत असतील तर प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही, गाणं वाजेल पण नाव कळणार नाही, एमपी थ्री टॅग नावाच्या सॉफ्टवेअरने इंग्रजी अक्षरांत नाव लिहा, आणि टॅगचं व्हर्जन 2.3 ठेवा, 2.4 कित्येक जुन्या प्लेअरना पचत नाही.

दशावतारवाल्यांना एक वेगळीच अडचण येते. रात्रभराचा नाट्यप्रयोग वेव्ह फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड केला तर मिनिटाला साधारण साडेदहा एमबी पडतात, आणि प्लेअरची फॅट थर्टीटू ही फाइल ठेवायची पद्धत एका फाइलला 4 जीबीच्या पुढे जाऊ देत नाही, म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास गाडी अडते. नाटक रात्री उशिरा उभं राहून उजाडेपर्यंत चाललं, त्यात माइक लावायच्या आधीपासून रेकॉर्डिंग सुरू, की गेलीच फाइल हद्दीबाहेर. कॉम्प्युटर सांगतो फाइल मोठी आहे, आणि हे म्हणतात पण 16 जीबी रिकामं आहे की! तुकडे करा किंवा 128 केबीपीएसवर एमपी थ्री करा, सात तासांचं 400 एमबीच्या आसपास बसतं, आणि दशावतारातल्या संकासुराचे विनोद ऐकायला तेवढी क्वालिटी पुष्कळ झाली.

हे सगळं एकदा नीट होतं आणि मग महिन्याने परत तेच, असं का? हवेचं सांगितलंच. दुसरं कारण लाईट. कॉपी चालू असताना लाईट गेली, डेस्कटॉप धाडकन बंद, प्लेअरच्या फाइल सिस्टिममध्ये अर्धवट लिहिलेलं तसंच राहिलं. पुढच्या वेळी लावलं की विंडोज रडतं किंवा प्लेअर 'रिफ्रेशिंग मीडिया' म्हणत तासभर अडकतो. ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, एरर चेकिंग, एवढं चालवा, बहुतेक वेळा सुटतं, पण गाणी आधी बाहेर काढलेली असू देत. अडकलेला प्लेअर सुटला नाही तर शेवटची टाकलेली फाइल काढून बघा, अर्धी कॉपी झालेली तीच असते. पावसाळ्यात कॉपीचं काम लॅपटॉपवर बॅटरीवर करा, नाहीतर यूपीएस असू दे. आयपॉडवर 'डू नॉट डिस्कनेक्ट' दिसतंय तोवर वायर ओढू नका.

मेमरी कार्ड घालायचे प्लेअर असतील तर कार्डावरही संशय घ्या. बाजारात 64 जीबी लिहिलेली कार्डं मिळतात ज्यात आत खरं 8 जीबीच असतं, पहिली गाणी चांगली जातात आणि मग पुढची कापलेली, नाहीतर गायब. एच टू टेस्ट डब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं, रिकाम्या कार्डावरच चालवा. आणि 32 जीबीच्या वरचं कार्ड एक्सफॅट या वेगळ्या फॉरमॅटमध्ये येतं, जुना प्लेअर ते वाचत नाही, म्हणून कार्ड घालता येणाऱ्या जुन्या प्लेअरला 32 जीबीपर्यंतचंच घ्या.

वायर बदलली, पोर्ट पुसलं, दुसऱ्या माणसाच्या कॉम्प्युटरवरही लावून पाहिलं आणि तिथेही डिंग नाही, तर मग प्लेअरच. वायर लावून हलकेच वर-खाली केल्यावर क्षणभर जोडला जात असेल तर पोर्टचं सोल्डर सुटलंय, मिनी, मायक्रो नाहीतर टाइप सी असेल तर चांगला मोबाइल रिपेअरवाला नवीन जॅक बसवून देतो, फक्त त्याला आधी सांगा की आतली मेमरी पुसायची नाही. क्लासिकमधून टक-टक आवाज येत असेल तर हार्डडिस्क चाललीय, तो परत परत लावून बघत बसू नका, चालू होईल त्या एका वेळेत आधी रेकॉर्डिंग काढा. ती डिस्क काढून तिथे एसडी कार्डाचं ॲडाप्टर बसवता येतं, मग टक-टक पण नाही आणि बॅटरीही जास्त टिकते. ते ॲडाप्टर बसवल्यावर मात्र रिस्टोअर करावंच लागतं, तेव्हा बिनधास्त दाबा.